चावीवाला, वय वर्षे पाच

रात्री अकराला मशीन थांबवली,
मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे झाडले
आणि बिलबुकाच्या पाठीमागं यादी काढली.
खुर्च्या पंधरा. आठ गल्लीतल्या, बाकी भाड्यानं.
केक अर्धा किलो. खोडलं. एक.
फुगे, चिवडा, कागदी बशा.
आणि खाली दोन रेघा ओढून:
लास्याच्या वाढदिवसाला
सगळ्या पोरांनी काहीतरी होऊन यायचं.

कल्पना माझी नाही.
होटगी रोडच्या एका बंगल्यात वाढदिवस झाला बालवाडीतल्या कुणाचा,
तिथून ही परतली ती
गालावर चमकी आणि डोक्यात हे एवढंच घेऊन.

मी परी धरून चालले होते.
परी सोपी. नर्सच्या कोटांचं पांढरं अस्तर उरलंय,
पंखांना तार मिळेल.
अकरा वर्षं मी माणसांचे वेश शिवतेय,
कुठल्या कुठल्या शाळांचे, दवाखान्यांचे,
कधी न बघितलेल्या वॉचमनांचे खांदे.
पंखांची ऑर्डर मात्र आली नव्हती कधी.

लास्या म्हणाली, परी नको.
मग राणी? नको.
डॉक्टर? अगं शिवून तयार आहे, नुसता आखूड करायचा.
"मी गुरुशांतमामा होणार."

गुरुशांतमामा म्हणजे आमच्या भागाचा चावीवाला.
चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी येतो,
कधी पहाटे तीनला, कधी ऐन उन्हात,
खांद्यावर लास्यापेक्षा उंच लोखंडी चावी.
रस्त्यातलं झाकण उचलतो, वाकतो,
जमिनीच्या पोटात काहीतरी गोल गोल फिरवतो
आणि अख्खी गल्ली उठते.
घागरी, ड्रम, पाइप, मोटारी,
तेलुगूत एक हाक, कन्नडात एक शिवी,
आणि माझं, आलं गं आलं.
आमच्या गल्लीत इतकी माणसं
आणखी कुणासाठी अनवाणी धावतात?
पोरीचं काही चुकलं नाही.

खाकीला तर तोटाच नाही.
ह्यांनी पाइपला काळा रंग दिला, वर आडवी दांडी बसवली.
बसू कंडक्टर होणार आहे.
अल्फिया मांजर, ते आधीच ठरलेलं.
तिचा धाकटा भाऊ म्हणतो, मी पाणी.
त्याला काय शिवावं, अजून सुचलेलं नाही.

अडलं ते तारखेवर.
बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं:
वाढदिवस गुरुवारी, पाणीही गुरुवारी.
पाणी सुटलं तर एक आई पोराला घेऊन येणार नाही,
मी तरी कुठली जाते.

म्हणून चौकात गाठलं त्यांना, झाकणापाशी.
"गुरुवारी किती वाजता सोडणार ओ?"
"वरनं प्रेशर असंल तसं."
मग कारण सांगितलं.
ते सरळ उभे राहिले, पंचानं मान पुसली.
"माझं सोंग? माझं?"
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागं कुणाची तरी मोटार कोरडीच घरघरत होती.
मग म्हणाले, "पोरीला सांगा,
चावी पाठीनं नाही फिरवायची.
पायात जोर धरायचा."
आणि चार पावलं जाऊन परत वळले:
"मी आलो तर चालंल? मी काय होऊन येऊ?"

यादीत सोळावी खुर्ची लिहिली.
कपाटात जांभळं साटन आहे, बँडवाल्यांच्या ऑर्डरीतलं,
सोनेरी गोटही आहे वीतभर.
संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले,
चप्पल बाहेर, हात दोन्ही बाजूंना ताठ,
झडतीला उभं राहावं तसे.
लास्यानं टेपचं एक टोक धरलं.
छाती अडतीस. बाही तेवीस.
खांदा साडेसतरा.
पुढं बारीक अक्षरात लिहून ठेवलं मी,
उजवा थोडा खाली.