नांगरावरची रीत

सूर्य वर आला की झेंडा वर,
सूर्य बुडाला की खाली.
चढवताना झपकन, उतरवताना सावकाश,
झोपलेलं पोर खांद्यावरून गादीवर ठेवतात तसा.
डेकला टेकू द्यायचा नाही.
ओला घडी करायचा नाही.
हे आमच्या सारंगाचं,
शरफुद्दीन परकार, मुक्काम बाणकोट.
आणि मी भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी,
तांदूळ मोजता मोजता ऐकत असे.

अजमानसमोर नांगर टाकून नऊ महिने झालेले.
मालक फोन उचलत नव्हता.
पगाराचं सोडाच,
रात्री किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे मोजायचे
आणि त्यावर झोपायचं.

मागच्या काठीवर कोमोरोसचा झेंडा.
चार पट्टे, चार तारे, एक चंद्रकोर.
तो देश आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही.
नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जातो.
पण कागदावर जहाज त्याचं.
उजव्या आडकाठीवर अमिरातीचा, यजमानांचा.
कुणाच्या दारात उभं राहिलात
तर त्याचं नाव आधी घ्यावं, सारंग म्हणायचा,
दार उघडो न उघडो.

आपला कुठेच नाही.
आपला ब्रिजवरच्या खणात,
इस्त्रीची घडी न मोडलेला.
मुंबईला गेलो असतो
तर तोही आडकाठीवर चढला असता,
आपल्याच घरी आपण पाहुणे.
रुपेश भोईनकरला हे पटेना.
बावीसचा पोर, पहिलीच बोट.
"मग आपण कुणाचे?" म्हणाला.
सारंगाने दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं,
"ही गाठ नीट मार आधी."

एका पहाटे त्यानेच चढवला यजमानांचा झेंडा,
अर्धवट झोपेत, उलटा.
काळा वर, हिरवा खाली.

पाण्यासाठी आम्ही एकवीस दिवस रेडिओवर
येतील त्या सगळ्या भाषांत ओरडत होतो.
झेंड्यासाठी वीस मिनिटांत गस्तीची बोट आली.

अधिकारी कोवळा, मिशी नुकती फुटलेली.
तावातावाने शिडी चढला,
बोलायला तोंड उघडलं,
आणि त्याला दिसली
दव धरायला अंथरलेली ताडपत्री,
तिच्या कोपऱ्याखाली माझा भाताचा टोप,
टोपात दोन बोटं पाणी.
सारंगाने तोवर झेंडा उतरवून, सरळ करून,
पुन्हा चढवलेला.
"चूक आमची," एवढंच अरबीत.
पोरगा काही बोलला नाही.
खाली गेला. वर आले
पाण्याचे चार खोके
आणि त्याचा स्वतःचा डबा, खुबूस अजून गरम.

त्या रात्री पोट फुगेस्तोवर पाणी प्यालो.
रुपेश हळूच म्हणाला,
"सारंग, उद्या परत उलटा लावू?"
आम्ही हसलो.
मग हसू थांबलं,
कारण कल्पना वाईट नव्हती.

सारंग बराच वेळ गप्प.
"आपला असता," म्हणाला, "तर केला असतास उलटा?"
रुपेशने ब्रिजकडे पाहिलं,
खणाच्या दिशेने,
आणि बाटलीचं बूच फिरवत राहिला.
मला विचाराल, तर मी केला असता.
पण भंडाऱ्याला कुणी विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात शमाल सुटला.
तीन दिवस वारा आणि वाळू.
कोमोरोसचं टोक फाटत फाटत
ताऱ्यांपाशी येऊन थांबलं.
सारंगाने माझ्याकडे पिठाच्या गोणीचा दोरा मागितला.
म्हटलं, त्या देशाला पत्ता तरी आहे का आपला?
म्हणाला, दोरा दे.

सूर्य बुडाला तसा त्याने झेंडा उतरवला, सावकाश,
मांडीवर घेतला
आणि न पाहिलेल्या मुलखाला टाके घालत बसला.
चष्म्याची एक काडी नव्हती, तिथे सुतळी.
एक कोपरा मांडीवरून घसरत डेककडे चालला होता.
तांदूळ तसाच टाकून
मी हात पुढे केला
आणि तो धरून बसलो.