रविवारी बंद

सकाळी सातला गाडी येते, तेच गाणं लावून.
सहा कप्पे तिला. ओला, सुका, प्लास्टिक,
काच, बिघडलेल्या वायरी, आणि एक असा
ज्याचं नाव घरात कुणी मोठ्यानं घेत नाही.
अनोखीबाई पाटी हातात धरून उभीच राहिली.
चार फूट पत्रा, पिवळ्यावर निळी अक्षरं:
डॉ. मुकुंद खांबेटे, होमिओपॅथ.
सायंकाळी पाच ते आठ. रविवारी बंद.
"हे कशात टाकू, ताई?"

दे इकडे, म्हटलं.

सुदामानगरात भंगार सापडत नाही.
इंदूर इतकं झाडून ठेवलेलं आहे
की वाकडा खिळा हवा असेल
तर आधी सरळ विकत आणावा लागतो.
म्हणून घरच धुंडाळलं. गच्चीवरचा कूलर,
मोटार जळाल्यापासून पाच उन्हाळे नुसता उभा.
त्याच्या जाळीत कबुतरांनी संसार थाटून मोडला होता.
दवाखान्याची भाड्याची खोली सोडली तेव्हा
मुलानं पोत्यात भरून आणलेले खण:
आर्निका, बेलाडोना, नक्स व्होमिका,
कागदी चिठ्ठ्यांवर ह्यांचं तिरकं अक्षर.
लूनाचं टायर. बागेतला चिरलेला पाइप.

आणि मीटर.
प्रत्येक रिक्षामागे फुटी कोठीपर्यंत पळायची,
म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.
आता मागचा पाय धरतो, रिक्षा गेली तर
नुसती मान वळवते, ओळखीचं माणूस गेल्यासारखी.
हे तिला दुधातून चार गोळ्या द्यायचे. फी नाही.
गुण आला की नाही, तिनं कधी सांगितलं नाही.
तसं पुष्कळ पेशंटांनी सांगितलं नाही.

युनूस मिस्त्री म्हणाला, माप लागेल.
ती झोपली तेव्हा शिवणाची टेप घेऊन बसले.
नाकापासून शेपटीपर्यंत एकतीस.
उंची घेता येईना, पोट वरखाली होत होतं.
मी टेप धरून थांबले.
बराच वेळ थांबले.

मग कूलरच्या एका अंगाला कमान कापली,
कापलेल्या कडेवर पाइप चिरून बसवला
कान फाटू नये म्हणून. हे युनूसला सुचलं,
त्याच्या घरी बकऱ्या असतात.
खणांची तळफळी जमिनीवर, खाली टायर,
ओल वर चढायला नको. जाळ्यांना आतून पोतं.
तोंड भिंतीकडे, उत्तरेचा वारा पाठीवर जाईल असं.

वाद झाला तो छपरावरून.
"माताजी, पेंटवाली बाजू बाहर रखो,
पानी लगेगा, कोरा पत्रा सड़ जाएगा."
त्याचं बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं त्याचं.
मी म्हटलं, अक्षरं आत.
त्यानं एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे,
आणि तोंडातले खिळे काढून
गुपचूप पत्रा पालटला.
मजुरीचे शंभर कमी घेतले. का, ते मी विचारलं नाही.

तीन दिवस ती आत गेली नाही.
चौथ्या दिवशी एक मांजर जाऊन बसलं,
तेव्हा मीटरला एकदम हक्क आठवला.

जानेवारीत मावठा झाला. रात्रभर पत्रा वाजत होता.
मला झोप नव्हती, तशी एरवीही नसते.
पहाटे शाल घेऊन खाली आले, गुडघे टेकले,
मोबाइलचा टॉर्च आत धरला.
वरून गंज धरू लागला होता, कडेला तांबडे ओघळ.
आत कोरडं. पोत्याला तिची ऊब.
आणि छताला निळी अक्षरं, उलटी.
युनूसनं घाईत उलटी बसवली असतील,
किंवा उताण्या झोपणाऱ्याला वाचता यावीत अशी.

खांबेटे वाचलं. पाच ते आठ वाचलं.
पोतं ओलं आहे का बघायला हात आणखी आत घातला
तर मीटर गुरगुरली, हळू,
दारावरच्या जुन्या कंपाउंडरसारखी.

वार आठवला. हात मागे घेतला.