रिकामी, वर, बावीस

गाडी बघायला आलेल्या पोरानं आधी छतावरून हात फिरवला,
मग विचारलं, हे भोक कसलं?
रबराची टोपी आहे त्यावर, म्हटलं, गळत नाही.
तो म्हणाला, दोनशे डॉलर कमी करा.

ऑर्विलमामानं पाडायला लावलेलं भोक ते.
बर्न्स लेकला, त्याच्या घरामागे, एप्रिलअखेर,
कुंपणाच्या सावलीत बर्फ अजून उष्टं पडलेलं.
बासष्टाव्या किलोमीटरवरच्या लाकूडतोड्यांच्या कॅम्पात
मला स्वयंपाकाचं काम लागलं होतं,
आणि त्या रस्त्यानं रेडिओशिवाय जाणारा माणूस
एक तर पाहुणा असतो, नाहीतर लवकरच भिंतीवरचा फोटो.

चुंबकावर बसणारा अँटेना मिळतो की, मी म्हटलं,
हप्ते फिटायचेत अजून.
पहिल्या खड्ड्यात तुझं चुंबक नाल्यात, मामा म्हणाला,
आणि तू मुकी.
छताच्या मधोमध टेप लावून त्यानं पेन्सिलीची फुली मारली,
दोनदा मोजली, तिसऱ्यांदा माझ्याकडून मोजून घेतली,
आणि ड्रिल माझ्याच हातात दिलं.
तीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक हाकलेला माणूस.
हात थरथरतो आता, एवढंच बोलला.

पत्रा किंचाळला. माझ्या केसांत लोखंडाचा कीस.

मग केबल: छताच्या कापडाखालून, दाराच्या खांबातून,
वळण मुठीएवढं तरी हवं,
चिमटली की आवाज आतल्या आत मरतो.
लाल तार थेट बॅटरीवर, फ्यूज तिच्या उशाशी.
सिगारेट लायटरमधून वीज घेणाऱ्यांबद्दल मामाचं मत
इथे लिहिण्यासारखं नाही.

इंजिन सुरू केलं तर स्पीकरमध्ये डास.
पाय दाबला की चढायचा, सोडला की बसायचा.
अर्धा दिवस त्या डासामागे गेला.
शेवटी बॉनेटखाली एका गंजक्या बोल्टपाशी सापडला.

अँटेनाची काडी तो गव्हाच्या दाण्याएवढीच कापे,
मीटरचा काटा बघे, पुन्हा दाणाभर.
कापलेलं परत चिकटत नाही, म्हणे.
मामी तेव्हा प्रिन्स जॉर्जला बहिणीकडे राहायला गेली होती.
मला वाटलं, तो काडीबद्दलच बोलतोय.

रस्त्याचं नाव सांग. भरलेली की रिकामी. वर की खाली. किलोमीटर.
मी तर भांडीकुंडी, बटाटे, अंडी घेऊन चाललेय, रिकामी कशी?
लाकूड नाही ना? मग रिकामी.
आणि बटण दाबलं की एक श्वास थांब,
नाहीतर पहिला शब्द खड्ड्यात जातो.

पहिल्याच आठवड्यात, धुक्यात,
घसा कोरडा, मी म्हटलं: रिकामी, वर, बावीस.
कुणीतरी म्हणालं: बावीस, बाजूला हो, भरलेला उतरतोय तेवीसवरून.
मी कडेच्या जागेत शिरले. आधी जमीन हलली,
मग आरशाला घासून चाळीस टन देवदार गेला.
स्टिअरिंगवरून दोन बोटं उचललेली दिसली.
त्या बोटांचा चेहरा मला कधीच कळला नाही.

परतताना, एकोणिसाच्या खाली डोंगर बाजूला सरला की
माझा आवाज मामाच्या स्वयंपाकघरात पोचायचा.
रिकामी, खाली, अठरा.
तो बोलायचा नाही. बटण दोनदा दाबायचा नुसतं:
टक, टक.
उन्हाळाभर. मीही कधी विषय काढला नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी टकटक आली नाही.
अठरा पुन्हा म्हटलं. सतरा. सोळा जरा मोठ्यानं.
वेग वाढवला, जो वाढवू नये.
दार ढकललं तर मामी टेबलावर पीठ मळत होती.
रेडिओ उचलून तिनं फ्रिजवर ठेवला होता, बंद करून,
जागा हवी होती म्हणे.
मामा ओशाळून कॉफी ओतत होता.
मला आनंद झाला. झालाच.
तरी परत गाडीत येऊन थोडा वेळ बसले,
माइक हातात धरून, बटण न दाबता.

दोनशे कमी केले त्या पोराला.
टोपी काढू नकोस, म्हटलं,
खाली तार तशीच आहे.