सांबऱ्याच्या धावपट्टीवर

चाकं खाली घ्यायची राहिली. एवढंच.

सव्वातीन वाजलेले, आभाळ लख्ख,
वारा मारिहाळकडून, रोजचाच.
मी बंबाच्या टपावर बसून भडंग खात होतो,
परशराम म्हणाला, "पोट बघ की रे त्याचं,
मोकळंच दिसतंय."

मग तो आवाज.
पत्रा फरफटत न्यावा तसा,
आणि संपेचना.
ठिणग्यांची एक लांब रेघ,
आणि मुतग्याच्या अंगाला, गवतात
नाक खुपसून ते बसलं,
तळ्यात बसावी म्हैस, तसं.

अकरा माणसं. सगळी आपापल्या पायांनी उतरली.
एक म्हातारी विचारत होती,
"आलं का बेळगाव?"

फेस मारून झाला, पाईप गुंडाळले,
तेव्हा पायलट दिसला. बांधावर बसलेला. पोरगाच.
पाणी दिलं, घेतलं नाही.
त्याचा उजवा हात
पुढं जायचा, हवेतलं काहीतरी धरायचा
आणि खाली ओढायचा.
खाली.
परत खाली.

जबानी मी मराठीतनं दिली,
हवालदारानं ती कन्नडात लिहून घेतली,
अहवाल आला इंग्रजीत:
चालकाची चूक.
बरोबरच आहे. कोण नाही म्हणतंय?
त्या हाताचंही सांगितलं होतं मी, दोनदा.
ते कुठल्याच भाषेत उतरलं नाही.

हल्ली मोटरसायकल लावून
घरात शिरतो, चप्पल काढतो,
आणि पुन्हा बाहेर येऊन बघतो.

स्टँड लावलेलं असतं.