उपयोगाचा रकाना

दर रविवारी दहाला आम्ही बसतो
चिलक्यांच्या बंद कारखान्यात.
माग भंगारात गेले, जमिनीत त्यांचे बोल्ट उरलेत.
नवा माणूस एकदा ठेचकाळतो, मग आमचा होतो.

धर्मादायच्या कागदावर संस्थेचं नाव लांबलचक आहे,
विडी घरकुलात मात्र आम्ही नुसते "फीवाले".
तबल्याची फी, स्केटिंगची, बुद्धिबळाची,
कराटेच्या पांढऱ्या कपड्यांची,
जे दोघं भाऊ आळीपाळीनं घालतात.

पैसे अंबुबाई गुंडेटी आणते.
शनिवारी मजुरी वाटून झाली की
विडी कारखान्याच्या दारात उभी राहते, हातात शेंगाचटणीचा रिकामा डबा.
दहा-दहाच्या नोटा. तंबाखूचा वास.
मी मोजतो आणि शिंकतो.

रजिस्टर माझ्याकडं.
चाळीस वर्षं जॉबर होतो,
कुठल्या मागावर धागा तुटला ते आवाजावरून सांगायचो.
रकाने मीच आखले : नाव, इयत्ता, काय शिकणार, रक्कम,
आणि शेवटी, उपयोग.
लोकांचे पैसे आहेत, म्हटलं.
पोरं लिहितात : शिस्त. आत्मविश्वास. पोलीस भरती.
एकानं तबल्यापुढं "उंची वाढते" लिहिलं होतं,
तेही मी पास केलं.

मग हारिका येमुल, सहावी ब.
काय शिकणार : पोहणे. रक्कम : चौदाशे, चष्मा वेगळा.
उपयोग :
"आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
मी ते भरते. त्याच्या आत कधी गेले नाही."

मलकप्पा म्हणाला, पोहून करणार काय?
सोलापुरात बुडायचं म्हटलं तरी टँकर मागवावा लागतो.
सगळे हसले. मीही.
दस्तगीर मास्तर तेवढे चष्मा पुसत राहिले.

अंबुबाईला वाचता येत नाही.
म्हणाली, काय लिहिलंय पोरीनं, परत वाचा.
मी वाचलं.
तिनं साडीवरची तंबाखूची भुकटी झटकली.
"दिवसाला हजार विड्या वळते मी.
त्याचा उपयोग कधी लिहून घेतलाय का कुणी?
लिहा. धूर."

चौदाशे पास. चष्म्याचे एकशे ऐंशी
मास्तरांनी खिशातून टाकले, पावती नको म्हणाले.
मी पावती फाडलीच.

एप्रिलात तलाव बंद झाला.
दुरुस्ती, असं पाटीवर. पाणी नाही, असं वॉचमन सांगतो.
हारिका चष्मा परत द्यायला आली,
दुसऱ्या कुणाला होईल म्हणून.
ऊन्हातनं चालत, ओढणी डोक्यावर.
विचारलं, आलं का पोहायला?
"तरंगता येतं. पुढं नाही जाता येत अजून."
मग बोल्ट चुकवत, बरोबर चुकवत, निघून गेली.

चष्म्याचा पट्टा तुटलेला. चादरीच्या सुतानं जोडलाय,
तांबड्या. मागावरची गाठ,
कितीही ओढा, सरकत नाही.
पण उलटी मारलेली.

अशी उलटी गाठ आख्ख्या शेडमध्ये मीच मारायचो, डावरा म्हणून.
आणि एक पोरगा, नरसय्या, माझं बघून शिकलेला,
उजवा असून.
कारखाना बंद झाला तेव्हा त्याचा हिशेब मीच केला होता,
सहा हजार चारशे.
पुण्यात कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर असतो म्हणतात.
येमुल. मला आडनाव कधी लागलं नव्हतं.

रकाना अजून आहे. पोरं शिस्त लिहितात.
तलाव जूनमध्ये उघडणार म्हणे, जूनचं काय खरं.
चष्म्यासाठी दोन अर्ज आलेत.

काल सगळे गेल्यावर शटर अर्धं ओढलं
आणि तो डोळ्यांवर चढवून बघितला. बसत नाही, कानशिलं दुखतात.
शेड निळी झाली.
जमिनीवर बोल्ट, ओळीनं, खूप खोल.
मी खुर्चीतच बसून होतो,
पाय जरा उचलून.