काळी दोन

जुन्याचा डावा कान पोळ्याच्या सुमारास गेला.
वायर एका कोनात धरली, हनुवटी जरा वर केली
की यायचा आवाज, तोही रुसल्यासारखा.
बायको म्हणाली, असे मान वाकडी करून ओट्यावर बसता,
लोक मला विचारतेत, अंगावरून वारं गेलं का ह्यांच्या.

म्हणून पगाराच्या शनिवारी
जालन्यात, सिंधी बाजारात, मुदस्सिरच्या दुकानी.
त्यानं काचेवर दोन हेडफोन ठेवले. दोन्ही काळे.
एक साडेचार हजाराचा, एक सात हजार दोनशेचा.
"चचा, ये सस्तेवाला मीठा है.
कुछ बी लगाव, अच्छाच लगता.
और ये महंगावाला," त्यानं मान खाजवली,
"ये जरा सच्चा है."

सच्चा.
मी सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो, बावीस वर्षं.
ट्रक रिकामा येतो, भरून जातो, मी वजाबाकी लिहितो.
ड्रायव्हर चहा पाजतात, बिडी पुढं करतात,
दहा किलो इकडचे तिकडं होत नाहीत.
मला काय सांगतोस, म्हटलं मनात.

मोबाईलमध्ये बदनापूरची बैठक होती, कॅसेटवरून उतरवलेली.
गायला भुजंगराव लहाने, सूर काळी दोन,
पेटीवर मी.

आधी साडेचारचा लावला.
थंडीत दुलई तोंडावर घेतल्यागत ऊब.
तबला थेट पोटात वाजला.
भुजंगराव मोठे झाले, मीही झालो,
टाळ्या तर दोन सभागृहांच्या वाटल्या.
पाकीट काढलंच होतं.
"वो बी देखलो. सुनने के पैसे नै."

सात हजार दोनशेच्यात आधी काहीच नाही.
मग पंखा.
बदनापूरच्या त्या सभागृहात एक पंखा कुरकुरत होता
आणि मी तो सव्वीस वर्षं ऐकला नव्हता.
कोपऱ्यात कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरली.
माझ्या पेटीचा भाता गळत होता,
दर ओढीला बारीक फुस्स.
आणि मग भैरवीत, वरच्या सा वरून उतरताना,
माझं बोट उशिरा येतं.
एकदा नाही. दर खेपेला, कोमल धैवतावर.
आणि भुजंगराव थांबतात.
श्वास घेतल्यासारखं करतात, घेत नाहीत.
माझी पट्टी दाबली गेली की पुढं सरकतात.

लोक वाहवा म्हणतात ते तिथंच.

सव्वीस वर्षं मी लग्नाकार्यात, कारखान्याच्या गेटवर
सांगत आलो,
भुजंगरावांना सांभाळून घेतलं बरं का आपण.
आता करा वजाबाकी.

"क्या हुआ चचा? आवाज कम करू?"

पायरीवर येऊन फोन लावला.
भुजंगराव हल्ली परतूरला, लेकीकडं.
गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कुजबुजल्यागत बोलतात;
बाजाराच्या गलक्यात मोबाईल कानात खुपसावा लागला.
"भैरवीत तुम्ही थांबायचे का हो माझ्यासाठी?"
"कुठं?"
"धैवतावर."
पलीकडं काही नाही.
श्वास घेतल्यासारखं.
"नाही बा," ते म्हणाले, "तिथं मला खोकला यायचा."
मग म्हणाले, जेवलास का.

आत गेलो.
सच्चाच दे म्हटलं, पण सात हजाराला.
दोनशेवरून आम्ही पाव तास भांडलो,
त्यानं दीडशे सोडले, वर एक चहा.

रिक्षात खोकं मांडीवर धरून बसलो.
खोक्याच्या कडेवर उजव्या हाताचं बोट
आपलं आपण धैवत दाबत होतं,
मोतीबाग आली तरी
उशिराच.