पेन्सिलनंच लिही

टोलीडो, ओहायो. फेब्रुवारी.
खोली एकशे चौदा, हीटर खोकतोय.
माझ्या नावावर चारशे बारा मुलं,
दर डोई वीस मिनिटं.

मारिसोल ओंटिवेरोस बूट झटकत आत येते.
मी चार वर्षांचा तक्ता पुढे सरकवते:
नववी भरलेली, दहावी अर्धीमुर्धी,
पुढे सगळं कोरं,
पहाटेच्या बर्फातल्या पार्किंगसारखं.

"केमिस्ट्री अकरावीलाच घे," मी म्हणते,
"नर्सिंगवाले आधी तेच बघतात."
ती मान हलवते.
लिहीत मात्र नाही.

केमिस्ट्री शेवटच्या तासाला.
आणि मंगळवार-गुरुवार अडीचला
बाबांना डायलिसिसला न्यायचं असतं.
हे ती सांगत नाही.
टेबलावरची गाडीची किल्ली सांगते,
आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे जाणारे डोळे.

तक्त्यात यासाठी रकाना नाही.
समासात आहे थोडी जागा. तिथे मी लिहून ठेवते,
अर्जाच्या वेळी लागेल.
मग फोन उचलते आणि कॅव्हनॉ सरांशी हुज्जत घालते:
पहिल्या तासाला एक खुर्ची वाढवा.
ते म्हणतात, बर्नर तीसच आहेत.
मी म्हणते, आमच्या घरी एका शेगडीवर
नऊ माणसं जेवायची.

पलीकडे शांतता. मग, "बरं. पाठवा."

मारिसोल पहिल्यांदा हसते.
"पेननं लिहू?"

"पेन्सिलनं," मी म्हणते.
"मी नाशिकहून निघाले होते
आर्किटेक्ट व्हायला."

दारावर टकटक.
चारशे अकरा.